‘हरिकुलेश’ नव्हे, ‘श्रवस्’

‘हर्क्युलिस हे नाव “हरिकुलेश”वरून आले का, आणि त्याच्या व कृष्णाच्या कथा इतक्या सारख्या कशा?’ अशी पृच्छा आहे. ही व्युत्पत्ती इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितली जाते की तिचा उबग आला आहे. हर्क्युलिस हे रोमन रूप होय. मूळ ग्रीक नाव हेराक्लेस असून त्याची फोड हेरा ही देवी अधिक ‘क्लेओस’, म्हणजे कीर्ती, अशी होते. त्यात ना हरी आहे, ना कुल. मथुरेच्या शूरसेनांचा देव ग्रीक राजदूत मेगॅस्थनीसने हेराक्लेस म्हणून नोंदवला खरा, पण परक्या देवाला आपल्या ओळखीचे नाव देण्याची ती ग्रीकांची रीतच होती.

खरा ऐवज ‘क्लेओस’मध्ये आहे. ग्रीक आणि संस्कृत यांची पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या एका ध्वनीचा ग्रीकमध्ये ‘क’ आणि संस्कृतात ‘श’ झाला. म्हणून दहा या अर्थी तिकडे ‘देका’, इकडे ‘दश’. त्याच नियमाने, आणि ग्रीकमध्ये मधला ‘व’ गळाल्यामुळे, ‘क्लेओस’ हे आपले ‘श्रवस्’ ठरते: जी कानोकानी जाते ती कीर्ती. अथेन्सच्या पुढाऱ्याचे नाव पेरिक्लेस म्हणजे अक्षरशः ‘परिश्रवस्’. महाभारतातला भूरिश्रवा आणि रावणाचा पिता विश्रवा याच नामकुळातले, आणि ‘सुश्रवस्’चे इराणी भावंड म्हणजे ‘खुस्रो’ हे नाव!

होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या नवव्या सर्गात त्याचा नायक अकिलीस म्हणतो की ट्रॉयपुढे लढत राहिलो तर परतणे नाही, पण ‘क्लेओस आफ्थितोन’, म्हणजे अक्षय कीर्ती, लाभेल. घरी गेलो तर आयुष्य दीर्घ, पण कीर्ती गेली. ऋग्वेदात (१.९.७) इंद्राकडे मागितले आहे ते ‘श्रवः’, आणि तेही ‘अक्षितम्’. दोन्ही शब्द घटकशः जुळतात, हे जर्मन भाषापंडित आडालबेर्ट कून यांनी १८५३ मध्ये दाखवले. ग्रीक ओळीत ‘आफ्थितोन’ हे विधेय आहे, म्हणजे ‘अक्षय कीर्ती’ नव्हे तर ‘कीर्ती अक्षय होईल’ अशी रचना आहे, सबब हा रूढ वाक्प्रयोग नव्हेच, असा काही पंडितांचा आक्षेप आहे. मग ग्रीक कवयित्री साफोच्या कवितेत हेच दोन शब्द विशेषण-विशेष्य म्हणून शेजारी उभे आहेत, त्याची वाट ते काय लावतात?

अकिलीसच्या टाचेतला बाण आणि कृष्णाच्या तळव्यातला बाण अशा जोड्या लावणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या दुबळ्या टाचेचा उल्लेखच नाही. माझ्या मते त्याचा खरा सखा कर्ण आहे. वनपर्वात सूर्य त्याला विनवतो की कवचकुंडले देऊ नकोस, दिलीस तर आयुष्य सरेल. कर्ण उत्तर देतो की प्राण वेचूनही मी कीर्तीच राखीन. तिथला ‘कीर्ती’ हा शब्द निराळ्या धातूचा आहे, पण निवड अकिलीसचीच आहे.