किती फॅक्ट्स निघाल्या ते नंतर सांग

तुझा मेल वाचला, वेबवरची पानं वाचून स्वतःच फॅक्ट्स शिकणारा प्रोग्राम तू चालू केलास हे बघून खरंच खूप आनंद झाला. पण अख्ख्या मेलमध्ये किती फॅक्ट्स निघाल्या तेवढंच आहे, चुकल्या किती आणि का चुकल्या यावर एक ओळ नाही, ते मला खटकलं.

आधी नेल (NELL) या तुझ्यासारख्याच प्रोग्रामबद्दल नीट वाच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या टीमने २०१० साली हा प्रोग्राम सुरू केला, दिवसरात्र वेब वाचत बसायचं हेच त्याचं काम होतं. शहर, कंपनी, खेळाडू अशा शंभरावर कॅटेगरी आणि प्रत्येकीची दहा-पंधरा उदाहरणं, एवढ्यावर तो निघाला. ६७ दिवसांत २,४२,४५३ फॅक्ट्स, त्यातल्या अंदाजे ७४ टक्के बरोबर. आता खरी गोष्ट बघ, पहिल्या टप्प्यात ९० टक्के बरोबर होत्या, मग ७१, शेवटी ५७. जितकं जास्त वाचलं तितकं जास्त चुकलं! आणि हे त्यांनी स्वतःच आपल्या रिसर्च पेपरमध्ये छापलंय, मला त्यांचं हेच सगळ्यात आवडतं.

असं का होतं, तर शिकलेली फॅक्टच पुढच्या फॅक्ट्सची मास्तर होते. नेलने इंटरनेट कुकीज (वेबसाइट्स आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतात ती छोटी माहिती, बिस्किटं नव्हे) बेकरीच्या पदार्थांत टाकल्या, मग लोक कुकीज डिलीट करतात तशा फाइल्सही डिलीट करतात म्हणून फाइल्सपण बेकरीत गेल्या, शेवटी माणसांना मध्ये पडावं लागलं.

म्हणून कॅटेगरी एकमेकींना बांधून टाक. जे शहर आहे ते माणूस असू शकत नाही, कंपनीचा सीईओ माणूसच हवा, असले साधे नियम प्रचंड कचरा अडवतात. वाक्यावरून शिकणारा भाग वेगळा आणि पानावरच्या याद्या-टेबलांवरून शिकणारा वेगळा ठेव, दोघं एकच म्हणाले तरच फॅक्ट आत घे. आणि हो, एकच वाक्य शंभर साइट्सनी कॉपी केलं असेल तर तो पुरावा एकच, शंभर नाही, इथे भलेभले फसतात.

प्रत्येक फॅक्टसोबत ती कुठल्या पानावरून, कुठल्या वाक्यावरून आली आणि कुठल्या जुन्या फॅक्टच्या जोरावर आली हे साठवच, नाहीतर चूक सापडली तरी तिच्यामुळे आत आलेल्या बाकीच्या बाहेर काढता येणार नाहीत.

आता रन थांबव, रँडम शंभर फॅक्ट्स काढ आणि स्वतः तपास, कंटाळा येईल पण कर. त्यातल्या चुकीच्या तेवढ्या मला पाठव, कुठून आल्या ते आपण दोघं मिळून शोधू.