ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधल्या सूचना कर्मचारी वाचतच नाहीत. त्या आणखी ठळक कराव्यात का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश मला असा समजला: गावातल्या वाचनालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलंय, देवघेवीच्या पडद्यावर दर दुसऱ्या पुस्तकाला लाल-पिवळ्या चौकटी येतात, कर्मचारी त्या न वाचता पुढे जातात, आणि त्या नादात राखून ठेवलेलं पुस्तक परत कपाटात गेलं. आता चौकट मोठी करावी, अक्षरं लुकलुकती ठेवावीत, असं समितीचं म्हणणं आहे.

माझं उत्तर: नका करू. चौकटी कमी करा, आणि ज्या राहतील त्यांतल्या जमतील तेवढ्यांचं काम सॉफ्टवेअरलाच करू द्या. मी बडोद्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेव सांभाळते आणि संध्याकाळी दांडिया बाजाराकडच्या एका मराठी वाचनालयाचं कोहा बघते. दोन्हीकडे गर्दी वेगळी असली तरी दुखणं एकच आहे.

आधी शनिवारी संध्याकाळी काउंटरवर जरा बाजूला उभं राहून नुसतं बघा. डाव्या हाताने पुस्तक घ्यायचं, मागचं पान उलटायचं, उजव्या हातातला स्कॅनर बारकोडवर धरायचा, ‘टुक्’ आवाज आला की पुस्तक बाजूच्या ढिगावर. तोंडाने समोरच्या काकूंशी बोलणं चालूच. नजर बारकोडवर असते, नाहीतर काकूंच्या चेहऱ्यावर. पडद्याकडे जाते ती शेवटचं पुस्तक झाल्यावर. आणि तो ‘टुक्’ मुळात स्कॅनरचा असतो. ‘बारकोड वाचता आला’ एवढंच तो सांगतो. सॉफ्टवेअरने पुस्तक जमा करून घेतलं की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कर्मचारी मात्र त्यालाच ‘झालं’ समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. संगणकाच्या लेखी स्कॅनर म्हणजे एक कीबोर्डच. तो आकडे टाइप करतो आणि बहुतेक ठिकाणी शेवटी एंटर मारतो. पडद्यावर ‘ठीक आहे’चं बटण असलेली खिडकी उघडी असताना पुढचं पुस्तक स्कॅन झालं, तर तो एंटर त्या बटणावर बसू शकतो. म्हणजे सूचना आली आणि माणसाने बघायच्या आत स्कॅनरनेच ती मिटवली. ते पुस्तकही नोंदलं गेलं नाही, ते वेगळंच. तुमच्याकडे असं होतंय का, हे तपासणं सोपं आहे: राखीव असलेलं एखादं पुस्तक जमा करा, खिडकी उघडू द्या, तिला हात न लावता दुसरं पुस्तक स्कॅन करा आणि काय होतं ते बघा. खिडकी नाहीशी झाली, तर कर्मचाऱ्यांना बोलण्यात अर्थ नाही.

आता छाटणी. कोहामध्ये ‘नो इश्यूज चार्ज’ नावाची एक सेटिंग आहे. सभासदाकडे ठरावीक रकमेपेक्षा जास्त दंड बाकी असेल तर ती पुस्तक द्यायला अडवते, आणि ही रक्कम मुळात ५ असते. कोहा जन्मलं न्यूझीलंडमध्ये, होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी. २००० सालच्या जानेवारीत ते वापरात आलं. तिकडे पाच डॉलर ही अडवण्याजोगी रक्कम असेल. आपल्याकडे पाच रुपयांत कटिंगही मिळत नाही. तो आकडा तसाच राहिला की निम्मे सभासद थकबाकीदार ठरतात, आणि काउंटरवरची मुलगी दिवसभर ‘तरीही द्या’ दाबत बसते. एकदा हाताला ती सवय लागली की खरोखर अडवायचा सभासदही त्याच झपाट्यात सुटतो. तुमच्या नियमाप्रमाणे रक्कम टाका. आणि ‘तरीही द्या’ म्हणायचा अधिकार सगळ्यांच्या लॉगिनला ठेवू नका. कोहात त्याची परवानगी वेगळी देता येते. ती ग्रंथपाल आणि आणखी एखाद्या जाणत्या माणसाकडे पुरे.

तसंच सभासदत्व संपत आल्याचं. ‘नोटिफाय बॉरोअर डिपार्चर’ ही सेटिंग मुळात ३० दिवसांची असते. सभासदत्वाच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या असतील तर ते चालतं. पण आपल्या बऱ्याच वाचनालयांत सगळ्यांची वर्गणी ३१ मार्चलाच संपते. मग अख्खा मार्चभर प्रत्येक सभासदाच्या पानावर तीच पिवळी पट्टी. सगळ्यांनाच लागू असलेली गोष्ट काउंटरवर पुन्हापुन्हा दाखवून काय मिळतं? दारावर एक कागद लावा, सभासदांना एक संदेश पाठवा आणि ते दिवस कमी करून टाका.

सभासदाच्या खात्यावर कर्मचारी जे शेरे लिहून ठेवतात, तेही चाळा. ‘फोन नंबर विचारणे’, ‘अनामत पावती दाखवली नाही’ अशी दोन-तीन वर्षांपूर्वीची वाक्यं निघतील. ज्याचं काम झालं तो शेरा पुसायचा, हे कोणाला तरी नेमून द्या.

आता तुमच्या राखीव पुस्तकाकडे येते. कोहात ‘होल्ड्स ऑटो फिल’ नावाची सेटिंग आहे. ती चालू केली की राखीव पुस्तक जमा होताच सॉफ्टवेअर ‘राखून ठेवू का?’ असं विचारत बसत नाही, परस्पर त्या सभासदाच्या नावावर लावून टाकतं. जोडीची दुसरी सेटिंग चालू केली तर चिठ्ठी छापायची खिडकीही आपणहून उघडते. छपाई थेट पावतीच्या छोट्या प्रिंटरवर जाईल अशी सोय केलीत, तर कर्मचाऱ्याच्या हाताशी नावाची चिठ्ठी येते. चिठ्ठी हातात आली की पुस्तकात खोचली जाते, मग पडद्याकडे बघितलं काय आणि नाही काय. एक मात्र पाळा: फाटकं, भिजलेलं पुस्तक स्कॅन करायच्या आधीच बाजूला काढायचं, नाहीतर तेही कोणाच्या तरी नावावर लागून ‘तुमचं पुस्तक आलंय’ असा निरोप जाईल.

यात नवं काही नाही. संगणकाआधी ब्राऊन पद्धत होती. सभासदाचं खिशासारखं तिकीट, त्यात पुस्तकाचं कार्ड, आणि ती जोडी तारखेवार लाकडी ट्रेमध्ये. पुस्तक परत आलं की सभासदाचं तिकीट द्यायला हात ट्रेकडे न्यावाच लागे, आणि मागणी असेल तर तिथेच रंगीत चिठ्ठी लावलेली असे. ती चुकवून पुढे जाताच येत नसे. किती पुस्तकं द्यायची याची सूचनाही लागत नसे. तिकिटं संपली की पुस्तकं बंद.

आमच्या बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीचं असंच आहे. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन यांना ग्रंथालयखात्यावर आणलं, त्या काळातली ही संस्था. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरतो. ‘अंधार आहे, जपून’ अशी पाटी लावणं स्वस्तात पडलं असतं. (कधी आलात तर बघून जा.)

आवाजाचा उपयोग मात्र जरूर करा. नजर पडद्यावर नसली तरी कान मोकळे असतात. कोहात ऑडिओ अलर्ट्सची सोय आहे, ती चालू करावी लागते. आवाज दोनच ठेवा: नीट नोंदलं त्याचा हलका, आणि ‘थांब, बघ’ याचा जाड. चार प्रकारचे आवाज कोणी लक्षात ठेवत नाही. त्याचबरोबर स्कॅनरचा स्वतःचा ‘टुक्’ बारीक करा किंवा बंद करा. स्कॅनरसोबतच्या पुस्तिकेत त्यासाठीचे बारकोड छापलेले असतात, ते स्कॅन केले की झालं. मग जो आवाज येईल तो सॉफ्टवेअरचा. वाचनकक्ष शेजारी असेल तर कुरकुर होईल, स्पीकर काउंटरच्या आत ठेवा.

माणसाला थांबवणारी खिडकी मी एकाच जातीच्या कामाला ठेवते: जे सॉफ्टवेअरला दिसत नाही आणि माणसालाच बघावं लागतं. पुस्तकासोबत सीडी किंवा नकाशा असेल तर ‘सगळे भाग आहेत ना?’ असं कोहा देताना-घेताना विचारू शकतं. आमच्याकडे दिवाळी अंकांसोबत पुरवणी येते आणि ती हमखास घरी राहते, म्हणून तेवढ्या अंकांना हा प्रश्न लावलाय. दिवाळी अंकांची मुदत वेगळी, दंड वेगळा, त्यामुळे कोहातला त्यांचा ‘आयटम टाइप’ही वेगळाच करा. ‘अंक आहे, मुदत कमी’ असा शेरा प्रत्येकावर लिहीत बसू नका.

पडद्याच्या मांडणीबद्दल थोडंच सांगते. देय तारीख मोठी करा आणि महिना पुढे की दिवस पुढे हे तपासा. ०५/०६ वरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. सभासदाचा फोटो दिसू द्या. इथे एकाच आडनावाची चार घरं असतात, त्यात कोणाचं नाव मराठीत, कोणाचं गुजरातीत, कोणाचं इंग्रजीत नोंदलेलं. फोटो असला की ‘बेन, ए मारुं खातुं नथी’ (ताई, ते माझं खातं नाही) हे ऐकावं लागत नाही. आणि नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष तुम्हाला वाटतात त्याहून जास्त असतात. चौकटीतला पहिला शब्दच कामाचा हवा: ‘राखीव’, ‘थकबाकी’, ‘सीडी बघा’.

सभासदांना जाणाऱ्या एसएमएसचं गणित वेगळं आहे. रोमन लिपीतला साधा संदेश १६० अक्षरांचा, देवनागरी किंवा गुजरातीतला ७० चा. त्यापुढे गेला की दोन संदेशांचे पैसे. आणि काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘पुस्तक’ हा शब्द तिथे सहाचा आहे. ‘पुस्तक १५ तारखेला परत करा. मुदतवाढ हवी तर फोन करा.’ एवढ्यात पन्नास संपले, म्हणजे वाचनालयाच्या नावाला वीस उरले. ‘सस्नेह नमस्कार, आपल्या वाचनालयाचे आपण सन्माननीय सभासद’ वगैरे समितीला कितीही आवडलं तरी काढावं लागेल. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना डीएलटी या नोंदणीच्या ऑनलाइन व्यवस्थेवर आधी नोंदवावा लागतो. नंतर एक शब्द जरी बदलला तरी संदेश अडू शकतो. म्हणून मजकूर सावकाश ठरवा आणि लांबलचक शीर्षकं त्यात घालू नका. कोणाला मराठीत, कोणाला गुजरातीत असं पाठवायचं असेल तर ‘ट्रान्सलेट नोटिसेस’ चालू करून सभासदाची भाषा त्याच्या खात्यात नोंदवता येते.

आणि सगळ्यात आधी, संदेश जातात का हेच बघा. कोहा संदेश तयार करून रांगेत ठेवतं, आणि ती रांग बाहेर पाठवणारं काम सर्व्हरवर वेळापत्रकात लावावं लागतं. ते लावायचं राहिलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. तुमच्याकडे राहिलं असेल तर ते चालू करायच्या आधी साचलेली रांग रिकामी करून घ्या. नाहीतर जुने सगळे निरोप एकदम सुटतील, आणि गेल्या वर्षी परत केलेल्या पुस्तकांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन घेत बसाल.