मी ओरडले का नाही?

लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा त्या माणसाबद्दल कमी आणि या एका प्रश्नाबद्दल जास्त बोलतात. पंचविशीतली एक मुलगीही हाच प्रश्न घेऊन आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). सुरुवातीला आम्ही घटनेचं नावही काढलं नाही. झोप, जेवण, छातीतली धडधड, एवढंच. शरीराची भीती उतरल्याशिवाय समजावणं मनापर्यंत पोचत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग एक दिवस तीच म्हणाली, "मॅडम, शेजारच्या खोलीत माणसं होती. एक हाक मारली असती तर..."

"मारायची होती?"

"हो. आवाजच फुटला नाही. हातपाय माझे नव्हतेच."

"सगळ्यात आधी काय हललं, आठवतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग उजव्या हाताकडे बघत म्हणाली, "बोटं. तो बाहेर पडला आणि मी कडी लावली. दोनदा ओढून बघितली."

"म्हणजे हलता आलं त्या क्षणी काय केलंस?"

"स्वतःला वाचवलं." आणि इतके दिवस अडलेलं रडू फुटलं.

हे वाक्य मी तिला आयतं देऊ शकले असते. ते तिच्या तोंडून यावं यासाठी थांबले, याचं मला आजही समाधान आहे. जिवावरच्या भीतीत शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं; त्यातलं काय होणार हे आपण ठरवत नाही.

1972 च्या मथुरा प्रकरणात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झालेल्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं होतं. त्यावर देश पेटला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. 2013 पासून तर कायद्यातच लिहिलंय की, प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. घरात मात्र अजून तेच विचारलं जातं.

घरच्यांनो, आधी दवाखाना गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा रोखणारी गोळीही जितकी लवकर तितकी बरी. तक्रार नोंदवलेली नसली तरी सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला मोफत उपचार करावेच लागतात. आणि मिठी मारण्याआधीसुद्धा तिला विचारा.

तिच्या आईने मला विचारलं, "'का' नाही विचारायचं, मग विचारू तरी काय?"

मी म्हटलं, "झोप लागली का? जेवलीस का? मी सोबत येऊ का?"