गारपिटीत गाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मार्चमध्ये लग्नासाठी कारने लातूरहून नांदेडला जायचे आहे. वाटेत गारपीट झाली तर गाडी हळूहळू चालवत राहावे की थांबावे? (एक वाचक, औसा)

उत्तर : थांबा, पण जागा पाहून. हे ढग बहुधा दुपारच्या उन्हाने चढतात, म्हणून लग्न संध्याकाळचे असले तरी सकाळीच निघालेले बरे. पहिला शिडकावा सगळ्यात घातक. महिनोन्‌महिन्यांची धूळ अन् सांडलेले तेल ओले होऊन रस्ता निसरडा होतो. त्यावर गारांचा थर साचला की टायर डांबराला टेकतच नाही, गारांवरून घरंगळतो. अशा वेळी ब्रेक दाबून धरू नका. ॲक्सिलरेटर सोडा, गिअर उतरवा. गळीत हंगाम संपत आलेला असला तरी उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतातच आणि अनेकींना मागे रिफ्लेक्टर नसतो. त्यामुळे पुढचे अंतर दुप्पट ठेवा.

थांबायला पेट्रोलपंपाचे किंवा ढाब्याचे छत उत्तम. बाभळी-लिंबाखाली नको, फांदी मोडते. छत मिळालेच नाही तर गारा पुढून येतील अशी गाडी लावा. समोरची काच दोन थरांची असते, तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचेचा मात्र चुरा होतो.

साइडपट्टीच्या काळ्या मातीत चाक घालू नका. घातलेच आणि फसले, तर रेस देऊ नका. चाक जागीच फिरून खड्डा करते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर त्या चाकांसमोरचा चिखल उकरा, पाचट किंवा पायपुसणी दाबून बसवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. तरीही निघाली नाही तर चाकांची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा. पक्क्या रस्त्यावर आल्यावर सावकाश जवळच्या पंपापर्यंत जा आणि ती लगेच भरून घ्या.

प्रश्न : मोटरसायकलवर असलो तर? (एक वाचक, अहमदपूर)

उत्तर : हेल्मेट डोक्यावरच ठेवून पक्क्या इमारतीत शिरा. झाडाखाली किंवा शेतातल्या पत्र्याच्या खोपीत नको, वीज पडायची भीती असते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका.

प्रश्न : काच फुटली, पत्रा चेपला, तर विमा मिळतो का? (एक वाचक, परळी)

उत्तर : कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारा) विमा असेल तर मिळतो, नुसत्या थर्ड पार्टीवर (फक्त दुसऱ्याचे नुकसान भरून देणाऱ्या विम्यावर) नाही. दुरुस्तीआधी फोटो काढा, कंपनीला कळवा. गाडी पाण्यात बंद पडली असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हा खर्च विम्याला इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनासाठीचे जादा कवच जोडलेले नसल्यास सहसा नाकारला जातो.