‘त्याचीच इच्छा नाही, तर उपचार कसला?’

“मॅडम, त्यालाच सोडायची नाहीये, तुम्ही तरी काय करणार?” व्यसनी माणसाला घेऊन येणाऱ्या घरच्यांचा हा ठरलेला प्रश्न. या वेळी विचारत होती मोठी बहीण. भाऊ चाळिशीतला, रोज दारू, जोडीला नैराश्य. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी त्याच्यापुढे शून्य ते दहा आकडे लिहिलेली पट्टी ठेवली. “दारू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?”

“आठ.” बहीण चमकून बघायला लागली.

“आणि ठरवलंत तर जमेल, याची खात्री?”

बराच वेळ गेला. “दोन.”

घरच्यांना हा दोनच दिसत असतो. आठबद्दल कुणी विचारलेलंच नसतं. ‘दोनच का?’ असं मी विचारत नाही, कारण मग माणूस स्वतःच्या उणिवांचा पाढा वाचतो. “शून्य का नाही?” म्हटल्यावर तो म्हणाला, “आईच्या आजारपणात महिनाभर शिवलो नव्हतो.”

मग हेच नैराश्याच्या गोळ्यांबद्दल विचारलं. महत्त्व? तीन! “दारूमुळेच असा झालोय, गोळ्या कशाला?” प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या मानसशास्त्रज्ञांनी १९८३मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून, विचारही नसण्यापासून पाऊल उचलण्यापर्यंतचे, बदलाचे टप्पे मांडले. टप्पा त्या त्या सवयीचा असतो, अख्ख्या माणसाचा नाही. दारूबाबत पाऊल उचलायला आलेला माणूस औषधांचा विचारही करत नसतो, हे नेहमीचंच.

‘सॉक्रेटीस’ नावाची १९ विधानांची प्रश्नावलीही मी वापरते. समस्या किती मान्य आहे, मन किती दोलायमान आहे आणि प्रत्यक्ष पावलं किती उचलली, याचे गुण ती वेगवेगळे देते. पण ती पेशंटने एकट्याने, शुद्धीत भरायला हवी. बहीण शेजारी असली की तिला बरं वाटेल तेच लिहिलं जातं. उन्मादाच्या (मॅनिया या आजारातल्या अतिउत्साहाच्या) भरातल्या ‘दहा’वरही माझा विश्वास नसतो.

त्या दोनमध्ये नैराश्याचा वाटा मोठा होता. ‘मला काहीच जमणार नाही’ हे त्या आजाराचंच बोलणं. त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणं अन्यायाचं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडून दोन्हींचे उपचार एकदमच सुरू केले. दारूही त्यांच्याच देखरेखीखाली बंद झाली, कारण रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो.

काही आठवड्यांनी खात्री पाचवर आली, महत्त्व मात्र सहावर उतरलं. बहीण धास्तावली. मला ते सहा जास्त खरं वाटलं. आधीच्या आठमध्ये अपराधीपणा बराच होता. आता बरं वाटायला लागल्यावर ‘कधीतरी घेतली तर काय बिघडतं?’ हा विचार तो उघड बोलू लागला होता. पुढचं सत्र आम्ही त्याच प्रश्नावर घेतलं, आणि बहिणीला बाहेर बसायला सांगितलं.