आबांचा माग आणि लेकीची चौकटीची वही

नमस्कार,

नागपूरच्या तांडापेठेतून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमची लेक यंदा दहावीला. आधी ठिपक्यांच्या रांगोळ्या, मग रुबिक क्यूब, मग क्रोशा, आणि आता यूट्यूबवर बघून पायथन, म्हणजे संगणकाचं प्रोग्रॅमिंग. तुम्ही लिहिता, "आमच्या आबांना जन्मापासून हातमागाचं वेड. हिचं दर सहा महिन्यांनी नवं खूळ. अकरावीला कुठे घालू?"

आधी आबांबद्दल बोलते. नवव्या वर्षी त्यांना मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं की ते पतंग घेऊन पळायचे, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. म्हणजे जन्मापासून वेड नव्हतं. घरात माग होता, पोट त्यावर होतं, दुसरी वाट नव्हती. आडवा धागा नेणारा धोटा हाताला सरावला, काठाची नक्षी स्वतःला बसवता येऊ लागली, गिऱ्हाईक नाव घेऊन लुगडं मागायला लागलं, तेव्हा कुठे गोडी लागली. ते तुम्हाला म्हणत, "आधी हात बसते, मंग मन बसते." इतकी वर्षं मुलांशी बोलतेय, पण याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही.

लेकीचं उलटं आहे. आबांसमोर एकच वाट होती, हिच्यासमोर मोबाइलमध्ये हजार. मन लागायला दहा मिनिटं पुरतात. पण पहिल्यांदा अडलं की शेजारी बसून "थांब, बघू" म्हणणारं कुणी नसतं. 2018 साली ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना कृष्णविवरांवरचा एक सुंदर व्हिडिओ दाखवला, मग त्याच विषयावरचा किचकट लेख वाचायला दिला. आवड ही आधीपासून ठरलेली असते असं ज्यांना आधी पटवून दिलं होतं, त्या मुलांचा उत्साह जास्त ओसरला. अवघड गेलं, म्हणजे ही आपली आवडच नव्हे, असं त्यांना वाटलं असणार. म्हणून विनंती, लेकीसमोर "तुझी खरी आवड कोणती?" हा प्रश्न काही दिवस नका काढू.

तिचं वय पंधरा. मुलांच्या आवडी साधारण अठरा ते बावीसच्या दरम्यान ठळकपणे स्थिरावतात, असं अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून दिसलं आहे. तुम्ही तीन वर्षं आधीच काळजी करताय.

आणि खरं सांगू? मला तिचं खूळ बदललेलं दिसतच नाही. क्यूबचे फॉर्म्युले आणि क्रोशाचे टाके तिने एकाच चौकटीच्या वहीत खुणा करून उतरवलेत, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. रांगोळीत ठिपके मोजायचे, क्रोशात टाके. आबाही काठाची नक्षी ग्राफच्या कागदावर एकेक चौकट भरून काढायचे. जकार्डच्या मागावर नक्षी ठरते ती भोकं पाडलेल्या कार्डांनी, आणि चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने संगणकाचा पूर्वज म्हणावा अशा आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची तीच कल्पना घेतली होती. पायथन तुमच्या घराला वाटतं तितकं परकं नाही. हे सगळं रक्तातून आलं असं मी म्हणणार नाही. आबा ग्राफ भरताना ती शेजारी बसलेली असायची, ते माझ्या लेखी मोठं.

आता अकरावी. गणिताचा धसका नसेल तर गणितासह विज्ञान घ्या. इंजिनीअरिंगच्या बहुतेक शाखांना भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. डिझाइनच्या पदवीची यूसीड ही प्रवेशपरीक्षा मात्र बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते, म्हणजे तिने कॉमर्स किंवा आर्ट्स म्हटलं तरी ती वाट बंद होत नाही. दहावी होईपर्यंत नवा क्लास लावू नका. परीक्षा संपली की सुट्टीत एकच काम द्या: आबांच्या एखाद्या काठाची नक्षी पायथनमध्ये काढायची. अडेल, चिडेल. तेव्हा तुम्ही शेजारी बसा, काही कळलं नाही तरी.

स्वतःबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "मला कधी कशाची आवडच नव्हती." त्याच पत्रात शेहेचाळिसाव्या वर्षी, नागपूरच्या उन्हात, गच्चीवरच्या मोगऱ्यासाठी पहाटे पाचला उठता हेही आहे. लेकीला एखाद्या दिवशी तिथे सोबत न्या.

रविवारी सकाळी या. गुणपत्रिका नको, ती वही आणा. आबांना जिना झेपत असेल तर त्यांनाही.