साहेब ओरडत नाहीत

प्रिय मुली,

परवा फोनवर तू म्हणालीस, "सर, तीनच प्रसंग आहेत, आणि त्यातही मी वाईट." मग बराच वेळ तू काही बोलली नाहीस. तुझं ते गप्प होणं माझ्या मनातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

भूमिका मला नीट कळली आहे. सुपरहिरोचा चित्रपट, त्यात एक औषध कंपनी, तिची तू वरिष्ठ अधिकारी. पहिल्या प्रसंगात शास्त्रज्ञावर दबाव आणायचा, दुसऱ्यात त्याला कामावरून काढायचं, तिसऱ्यात संकट अंगावर आलं की भ्यायचं. तुला हे फुटकळ वाटतंय. पण अगदी याच घडणीची भूमिका इरफान खानने 2012 साली 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'मध्ये केली होती. तोवर त्याच्या नावावर 'हासिल' होता, 'मकबूल' होता. तरी त्याने ऑसकॉर्प कंपनीचा डॉ. राजित राथा केला. पडद्यावर येतो किती, तर काही मिनिटं.

तो चित्रपट पुन्हा बघ, पण फक्त त्याच्यासाठी बघ. कंपनीचा शास्त्रज्ञ डॉ. कॉनर्स, त्याच्या प्रयोगशाळेत पाय तुटलेल्या उंदराला नवा पाय फुटतो आणि राथा लगेच माणसांवर चाचणी मागतो. कंपनीचा मालक नॉर्मन ऑसबॉर्न मरायला टेकलाय, औषध त्याच्यासाठी हवंय. कॉनर्स नकार देतो. मग राथा ठरवतो की जुन्या सैनिकांच्या रुग्णालयात फ्लूची लस म्हणून हेच टोचायचं. आणि कॉनर्सची नोकरी तिथल्या तिथे संपते. किती भयानक गोष्ट आहे ही! पण इरफान ती भयानक करून सांगत नाही. महिनाअखेरचं एखादं काम राहिलंय, ते उरकायला आल्यासारखा तो बोलतो. म्हणून अंगावर काटा येतो. पुढे पुलावरच्या हल्ल्यानंतर प्रदर्शित चित्रपट या माणसाला चक्क विसरून जातो, त्याचं काय झालं ते कळतच नाही. इरफानवर हा अन्याय झाला असं मला आजही वाटतं. पण त्याने वाट्याला आलेल्या मिनिटांत काही कमी ठेवलं नाही.

मला हे कुठे शिकायला मिळालं ते सांगतो. तुझ्या वयाचा असताना कामगार नाट्यस्पर्धेत मी गिरणीचा मॅनेजर केला होता. दोन अंक मी नुसता गरजत होतो. टेबलावर मुठी आपटल्या, शेवटच्या प्रवेशात घसा बसला. टाळ्याही मिळाल्या. प्रयोगानंतर रंगपटात एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्यभर एका गिरणीत टाइमकीपर होते. म्हणाले, "पोरा, मी तीन मॅनेजर बघितले. माणूस काढताना एकानंही आवाज चढवला नाही. मान खाली घालून सही करायचे आणि विचारायचे, चहा घेणार का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या माणसाच्या सहीने शंभर घरांच्या चुली विझतात त्याला ओरडायची गरजच काय, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. माझा मॅनेजर खोटा होता, आणि समोर बसलेल्या, असा साहेब खरोखर भोगलेल्या माणसाला ते पहिल्या प्रवेशात कळलं होतं.

तेव्हापासून असे प्रसंग बघताना मी एकच गोष्ट शोधतो: आवाज कोणाचा चढतो आणि सत्ता कोणाकडे आहे. बहुतेक वेळा ती दोन वेगळी माणसं असतात.

2002 च्या 'स्पायडर-मॅन'मधली संचालक मंडळाची बैठक घे. विलेम डॅफोचा नॉर्मन (ऑसकॉर्पचा तोच मालक, पण हा आधीचा, वेगळा चित्रपट) खर्च घटल्याचं, उत्पन्न वाढल्याचं सांगतोय. जॅक बेट्स हा ज्येष्ठ नट त्यात बाल्कन नावाचा संचालक आहे. तो शांतपणे सांगतो, म्हणूनच तर आम्ही कंपनी विकतोय. खरेदीदाराची अट आहे की तू नकोस, तीस दिवसांत राजीनामा दे. कळवळून ओरडतो तो नॉर्मन. ही कंपनी मी उभी केली, मी किती गमावलं, वगैरे. आणि बाल्कन शेवटी एवढंच म्हणतो की तू बाहेर आहेस. नॉर्मन पुढे ग्रीन गॉब्लिन हा खलनायक होतो, त्याचा सगळा संताप त्या एका थंड वाक्यावर उभा आहे. बेट्सने तिथे खलनायकी हसू आणलं असतं तर डॅफोची भूमिका लंगडी झाली असती. लहान भूमिकेचा नट मोठ्या भूमिकेच्या पायाखालची फरशी असतो, आणि फरशी हलून चालत नाही.

'बॅटमन बिगिन्स'मध्ये रुटगर हाउअर आहे. 'ब्लेड रनर'मधला तो पावसातला मृत्यू ज्याने केला, तोच. इथे तो वेन एंटरप्रायझेसचा प्रमुख अर्ल आहे. हातात बंदूक नाही, तोंडी धमकी नाही. कंपनीतला लुशियस फॉक्स (मॉर्गन फ्रीमन) नको ते प्रश्न विचारतो म्हणून त्याचा विभाग दुसऱ्यात विलीन करून त्याला घरी पाठवतो, आणि वर विचारतो, परिपत्रक मिळालं नाही का? चित्रपटाच्या शेवटी फॉक्स त्याच्याच जागेवर बसतो आणि हाच प्रश्न त्याला परत करतो. थिएटरात लोक खूश होतात ते मॉर्गन फ्रीमनच्या वाक्यावर. पण ते वाक्य वाजतं, कारण हाउअरने पहिल्यांदा ते अगदी सहज, जाता जाता टाकलं होतं. तिथे त्याने जोर दिला असता तर शेवटी फॉक्सच्या हाती काही उरलंच नसतं. आपल्याला मिळालेलं वाक्य दुसऱ्यासाठी हलकं ठेवणं, हे मोठ्या नटालाच जमतं.

आता तुझा तिसरा प्रसंग, घाबरण्याचा. त्याची तुला सगळ्यात जास्त काळजी आहे, आणि माझं म्हणणं असं की तो पहिल्या दोन प्रसंगांतच ठरतो.

'द डार्क नाइट राइझेस'मधला बेन मेंडेलसन बघ. बांधकाम व्यवसायातला जॉन डॅगेट, ज्याने बेन नावाच्या खलनायकाला (टॉम हार्डी) पैसे देऊन आणलंय. तो तणतणत खोलीत शिरतो. बेन डॅगेटच्या सहायकाला बाहेर जायला सांगतो. डॅगेट म्हणतो, नाही, तू थांब, इथे माझं चालतं. बेन काही मोठं करत नाही, त्याच्या खांद्यावर हात अलगद ठेवतो आणि विचारतो, तुझं चालतंय असं तुला वाटतंय का? बस. मेंडेलसनचा आवाज एकदम खाली येतो. मी तुला एवढे पैसे दिलेत, असं तो म्हणतो खरा, पण ते स्वतःचीच समजूत घातल्यासारखं. आणि त्या क्षणी बर्न गोर्मनकडेही बघ. तोच तो सहायक. मालकाने थांब म्हटलंय, तरी तो निघून जातो. सत्ता कुठून कुठे गेली हे आपल्याला बेनच्या हातावरून जेवढं कळतं, तेवढंच त्या जाणाऱ्या पाठीवरून कळतं. चित्रपट टॉम हार्डीचा म्हणून लोकांच्या लक्षात आहे, पण त्याची भीती आपल्यापर्यंत पोचवली या दोघांनी.

म्हणजे तुला आधी सत्ता मिळवावी लागेल. पहिल्या प्रसंगात ती खुर्ची, ते दालन, समोरच्याचा वेळ, सगळं तुझं आहे असं मनापासून वाटलं पाहिजे. मग तिसऱ्या प्रसंगात ते जाताना दिसेल. सुरुवातीपासूनच "मी वाईट, माझं पुढे वाईट होणार" असं बेअरिंग धरलंस, तर जायला काही शिल्लकच राहणार नाही.

ऐकण्याचंही सांगतो, कारण तुझ्या दुसऱ्या प्रसंगात तुला वाक्यं कमी आहेत. 'द डार्क नाइट'मध्ये जोशुआ हार्टो हा वेन कंपनीचे व्यवहार तपासणारा रीस आहे. त्याला बॅटमनच्या गाडीची जुनी रेखाचित्रं सापडतात आणि तो फॉक्सकडे वर्षाला एक कोटी डॉलर मागतो, तेही जन्मभर. फॉक्स शांतपणे विचारतो: जो रोज रात्री नुसत्या हातांनी गुंडांची हाडं मोडतो असं तुम्हाला वाटतं, त्याच माणसाला तुम्ही धमकावणार? त्या वाक्याचा अर्थ हार्टोला फक्त ऐकायचा आहे. त्याच्या चेहऱ्यावरची आढ्यता कशी ओसरते ते बघ. प्रेक्षक फ्रीमनच्या वाक्यावर हसतात, पण हसण्याची जागा हार्टोच्या डोळ्यांत तयार होते.

'आयर्न मॅन'मधला पीटर बिलिंग्सली तर जवळजवळ एकाच प्रसंगाचा धनी. तो कंपनीतला शास्त्रज्ञ, आणि त्याचा साहेब जेफ ब्रिजेस त्याच्यावर गरजतो की टोनी स्टार्कने हे ऊर्जायंत्र गुहेत, भंगारातून बनवलं. बिलिंग्सली हळूच म्हणतो, मी टोनी स्टार्क नाही. ओरडणारा इथेही हतबलच आहे. ते एक वाक्य इतकं टिकलं की 2019 च्या स्पायडर-मॅन चित्रपटात हे पात्र पुन्हा आलं. अकरा वर्षांनी!

ही सगळी उदाहरणं पुरुषांची आहेत, हे मला लिहितानाच जाणवलं. तुला गिरवायला कित्ता नाही. त्यामुळे कडक बाई म्हणजे ताठ मान आणि कोरडा आवाज, हा साचा कोणी सुचवला तर नम्रपणे बाजूला ठेव. त्याऐवजी एवढं शोध की तुझ्या वर कोण आहे. राथाच्या वर मरणारा ऑसबॉर्न होता. तुझ्या बाईला संध्याकाळी कोणाला फोन करायचा आहे? तो फोन पहिल्या प्रसंगापासून तुझ्या पोटात असू दे. संहितेत नसला तरी चालेल, दिग्दर्शकाला सांगूही नकोस.

आणि दोन-तीन दुपारी एखाद्या मोठ्या कार्यालयाच्या स्वागतकक्षात जाऊन बस. चेहऱ्यांपेक्षा हात बघ. फाइल कोण उघडतं, कोण नुसतं पुढे सरकवतं. पेन कोणाकडे आपणहून येतं आणि कोणाला मागावं लागतं. माझ्या त्या टाइमकीपरने सहीची गोष्ट सांगितली, ती मी चाळीस वर्षं वापरतोय. तुला तुझी सापडेल.

रविवारी सकाळी संहिता घेऊन ये. दुसरा प्रसंग आपण टेबलावर बसून करू, शास्त्रज्ञ मी वाचतो. मी ओरडेन, तू ओरडू नकोस.

तुझा,
सर